एटिव्हचा थोरला गुराखी: धार एक, उतरायच्या वाटा दोन

सह्याद्रीत चार पावसाळे काढलेल्या माणसाला १०२१ मीटर हा आकडा सांगितला तर तो भुवईसुद्धा उचलत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, मग हे काय? तरीही स्कॉटलंडच्या ग्लेन को खोऱ्याच्या पूर्व तोंडाशी उभा असलेला बुअखिल एटिव्ह मोर अनुभवी मंडळींनाही नऊ तास कामाला लावतो. नाव गेलिक भाषेतलं आहे, अर्थ 'एटिव्हचा थोरला गुराखी'. धाकटा गुराखी, म्हणजे बुअखिल एटिव्ह बेग, शेजारीच आहे. दोघांच्या मधून लारिग गार्टन नावाचं लांबट खिंडीसारखं खोरं जातं. गेलिक स्पेलिंगवरून उच्चार काढायच्या भानगडीत पडू नये. इथे दिलेले उच्चारही जवळपासचेच समजावेत.

हमरस्त्यावरून थोरला एकच सुळका वाटतो. प्रत्यक्षात ती चार शिखरांची, साधारण चार किलोमीटरची धार आहे. ईशान्येचं टोक स्टॉब जेरग (१०२१ मीटर), मग स्टॉब ना डोइरे (१०११), स्टॉब कॉरी आल्ट्रम (९४१) आणि नैऋत्येचं टोक स्टॉब ना ब्रोगे (नकाशावर ९५६). या धारेबद्दल सगळ्यांत आधी डोक्यात पक्कं बसवायचं ते हे: चालणाऱ्या माणसाला, गाडीच्या बाजूला सुखरूप उतरता येईल अशा वाटा तिला दोनच आहेत. एक चढायची, कॉरी ना तूलिखची. दुसरी उतरायची, कॉरी आल्ट्रमची. बाकी उत्तरेला आणि पूर्वेला कडे आहेत. नैऋत्येच्या टोकावरून डालनेसकडे उतरता येतं, पण मग गाडी डोंगराच्या पलीकडे राहते. म्हणून या दिवसाचं सगळं नियोजन 'कुठून परत फिरता येतं आणि किती वाजेपर्यंत' या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आम्ही चौघांनी मे महिन्याचा शेवटचा शनिवार धरला होता. पश्चिम हायलँड्समध्ये एप्रिल ते जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने. सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधाराची धास्ती नसते. मिजेस, म्हणजे इथली चावरी चिलटं, अजून भरात आलेली नसतात.

खरी सुरुवात आदल्या दिवशी संध्याकाळी होते. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा 'वेस्ट हायलँड्स' विभागाचा अंदाज उघडायचा. फोनवरचं साधं हवामान ॲप खालच्या गावाचं तापमान सांगतं, माथ्यावर त्याचा उपयोग नाही. नवखा माणूस या अंदाजात पाऊस आधी पाहतो. आम्ही वारा आधी पाहतो. पावसात भिजत चालता येतं, वाऱ्यात उभंही राहता येत नाही. आकडे ताशी मैलांत असतात. ३० मैलांपर्यंत (सुमारे ४८ किलोमीटर) चालणं जड जातं पण जमतं. झोत ४५ मैलांच्या पुढे जाणार असतील तर धारेवर जायचं नाही, हा आमचा नियम. ६० मैलांचा झोत उभ्या माणसाला सहज पाडतो, आणि तो धारेवर कुठल्या बाजूला पाडेल ते आपल्या हातात नसतं. त्यानंतर ढगांचा तळ, म्हणजे किती उंचीच्या वर दिसेनासं होणार ते पाहायचं. मग पाऊस, आणि शेवटी ९०० मीटरवरचं तापमान.

त्या दिवशीचा अंदाज होता नैऋत्येचा वारा २५ ते ३० मैल, ढग सकाळी ८०० मीटरवर आणि दुपारपर्यंत वर सरकणार, चारनंतर सरी, ९०० मीटरवर ४ अंश. चार अंश म्हणजे आपल्याकडची थंडी नव्हे. ताशी ४५ किलोमीटर वाऱ्यात उघड्या कातडीला ते उणे दोनच्या आसपास लागतं. हातमोजे काढून नकाशा घडी करेपर्यंत बोटं ऐकेनाशी होतात.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने करायचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा आडाखा आजही चालतो: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर १० मीटरला १ मिनिट जास्त. आमचा पल्ला १३ किलोमीटर, एकूण चढ सुमारे ११०० मीटर. म्हणजे चालायला २ तास ३६ मिनिटं, चढाला ११० मिनिटं, एकूण साडेचार तासांच्या आत. पण हा नियम धडधाकट, न थांबणाऱ्या माणसासाठी आहे आणि त्यात घसारा, दगडगोटे, उतरताना कुरकुरणारे गुडघे यांचा हिशेब नाही. चौघांच्या गटासाठी या धारेवर आम्ही त्याला पावणेदोनने गुणतो आणि वर एक तास थांब्यांचा धरतो. आले पावणेनऊ तास. प्रत्यक्षात आठ तास पंचावन्न मिनिटं लागली.

सॅकमध्ये काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडून येणारी मंडळी इथेच चुकतात. पोंचो आणि छत्री घरी ठेवायची. वाऱ्यात पोंचो शिडासारखा फुगतो आणि पावलं झाकतो. टोपी असलेलं, शिवणीवर टेप लावलेलं पावसाळी जॅकेट हवं आणि तितकीच महत्त्वाची पावसाळी पँटही हवी. पँट बूट न काढता चढवता येईल अशी, बाजूला लांब चेन असलेली घ्यावी. जीन्स आणि सुती टी-शर्ट अजिबात नको. सुती कपडा ओला झाला की अंगाची ऊब ओढून घेतो आणि दिवसभर वाळत नाही. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, आणि सॅकच्या तळाशी कोरड्या पिशवीत एक जाड जॅकेट जे फक्त थांबल्यावर घालायचं. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, मे महिन्यातसुद्धा. बूट घोट्यापर्यंतचे, कडक तळव्याचे. सह्याद्रीत कापडी बुटांवर पळणारे पाय इथल्या चिखलात दहाव्या मिनिटाला ओले होतात. शिवाय गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण.

गटाचं सामान वेगळं: चौघं मावतील असं नायलॉनचं 'बॉथी बॅग' निवारा-कापड, प्रथमोपचार, चार हेडलॅम्प, शिट्ट्या, दोन होकायंत्रं, दोन नकाशे. एक ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर ३८४, दुसरा हार्वीचा १:४०,००० चा, न भिजणाऱ्या कागदावरचा. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे, कारण नकाशा वाऱ्याने उडतो. फोनवर नकाशा डाउनलोड केलेला होताच, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून आतल्या खिशात ठेवतो.

पाणी प्रत्येकी दीड लिटर आणि एक थर्मास चहा. खाणं अर्ध्या हातात मावेल असं: दशम्या, चटणी-पोळीच्या गुंडाळ्या, शेंगदाण्याची चिक्की, चीज. जेवायला ऐसपैस बसायची सोय इथे नसते, वारा बसू देत नाही. दर तासाला चार घास पोटात जायला हवेत. शेवटचं काम म्हणजे घरी राहिलेल्या एकाला मार्ग, गाडीचा नंबर, परतीची वेळ आणि 'रात्री नऊपर्यंत निरोप नाही आला तर पोलिसांना कळव' हे लिहून पाठवणं.

ग्लासगोहून सहाला निघालो. ए-८२ रस्ता लॉक लोमंडच्या काठाने टिंड्रमपर्यंत जातो. पेट्रोल आणि स्वच्छतागृह तिथेच उरकून घ्यायचं, पुढे आल्टनाफेला, म्हणजे चालायला सुरुवात होते तिथे, काहीही नाही. रॅनक मूरचं ओसाड, पाण्याच्या डबक्यांनी भरलेलं पठार ओलांडलं की डावीकडे गुराखी उभा राहतो. आल्टनाफेला रस्त्याकडेला गाड्या लावायची छोटी जागा आहे. वेस्ट हायलँड वे ही १५४ किलोमीटरची पायवाट इथूनच 'डेव्हिल्स स्टेअरकेस'कडे वर चढते, आणि पांढऱ्या झोपडीचा फोटो काढणारेही इथेच थांबतात, त्यामुळे नऊनंतर जागा मिळत नाही. आम्ही आठ वीसला पोचलो आणि आठ चाळीसला चालू लागलो.

इथे प्रवेशशुल्क नाही, नोंदवही नाही, परवानगी नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला आहे. पण त्या बरोबरीने बाणही नाहीत. सह्याद्रीत कातळावर रंगाचे बाण, झाडाला चिंध्या शोधायची सवय लागलेली असते. ग्लेन कोची ही जमीन १९३० च्या दशकात नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली, तेव्हा स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबचे पर्सी उना यांनी निधी उभा केला आणि १९३७ मध्ये अटी लिहून दिल्या. त्यांचा मथितार्थ असा की डोंगर चढायला सोपे किंवा कमी धोक्याचे करू नयेत, पाट्या आणि रंगाच्या खुणा नकोत. सगळ्या अटी आज तंतोतंत पाळल्या जात नाहीत. वाटेवर दगडी पायऱ्या बसवल्या आहेतच. पण दिशा दाखवणारं कोणी नाही, हे खरं.

रस्त्यावरून कच्च्या वाटेने खाली, पुलावरून कूपल नदी पार, लागनगार्व या पांढऱ्या झोपडीच्या बाजूने वर. झोपडी मागे पडल्यावर थोड्याच वेळात वाट फुटते. डावी वाट ठसठशीत आहे, चांगली मळलेली. ती घ्यायची नाही. ती पूर्वेकडच्या कड्यांखाली, कर्व्हड रिज वगैरे प्रस्तरारोहणाच्या मार्गांकडे जाते. चालणाऱ्यांची वाट सरळ, ओढ्याच्या कडेने कॉरीत शिरते. धुक्यात पुढच्या माणसाच्या पाठोपाठ जाऊन इथे चुकणारे पुष्कळ. पुढचा माणूस दोर घेऊन निघालेला असतो आणि मागच्याला ते कड्याच्या पायथ्याशी पोचल्यावर कळतं.

कॉरी म्हणजे गेलिकमध्ये कढई. हिमनदीने डोंगराच्या पोटात कोरलेला खळगा. कॉरी ना तूलिख मात्र कढईपेक्षा आपल्या नाळेच्या जास्त जवळची आहे, दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून वर निमुळती होत जाणारी. पहिला टप्पा बांधलेल्या दगडी वाटेचा आहे. इथे आम्ही मुद्दाम सावकाश चालतो. बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा आणि जॅकेट काढून ठेवायचं. पहिल्या तासात घामाने आतला थर भिजला तर खिंडीतल्या वाऱ्यात तोच घाम हाडं गोठवतो. पाणी ओढ्याचं घेतलं. वस्तीच्या वरचं, वाहतं पाणी इथे बहुतेक जण तसंच पितात. फक्त थोडं वर चढून कुठे मेलेली मेंढी तर पडली नाही ना, हे पाहून घ्यायचं. वरच्या अंगाला ओढा दगडांखाली गडप होतो, म्हणून बाटल्या खालीच भरायच्या.

सुमारे सातशे मीटरच्या वर घसारा सुरू होतो. तांबूस ऱ्हायोलाइटचे तुकडे, मुठीपासून पाटीएवढे. सह्याद्रीचा बेसाल्ट आणि हा दगड दोन्ही ज्वालामुखीचेच, पण हा कितीतरी जुना, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या खचलेल्या ज्वालामुखीचा. कोरडा असला तर पकड झकास. ओल्यात, त्यातही शेवाळ असेल तर, साबण. घसाऱ्यात एकामागोमाग एक चढायचं नाही. दोघं एका कडेने, दोघं दुसऱ्या, किंवा चौघंही इतके जवळ की सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला जागाच मिळू नये. मधलं, दहा-पंधरा मीटरचं अंतर सगळ्यांत वाईट. दगड सुटला की 'बिलो!' अशी आरोळी द्यायची. ती ऐकू आली की वर बघायचं नाही, डोकं खाली आणि सॅक वर. शेवटच्या शंभरेक मीटरला हात लावावे लागतात. प्रस्तरारोहण नाही, पण पाय ठेवण्याआधी दगड दाबून बघावा लागतो. पाऊल टाचेवर नको, पंज्याची कड घसाऱ्यात रोवायची.

मेअखेरीसही या नाळेच्या माथ्याशी कधी कधी जुन्या बर्फाचा पट्टा उरलेला असतो. या वेळी हातभर रुंदीची एक मळकट पट्टी कडेला होती, वाटेत नव्हती. वाटेत असती तर बर्फाची कुऱ्हाड नसताना त्यावर पाय ठेवायचा नाही, कडेच्या कातळाला धरून वळसा घ्यायचा, आणि तो जमला नाही तर परत. सकाळी असा बर्फ काचेसारखा कडक असतो आणि खाली थांबवणारं काही नाही. हिवाळ्यात तर या नाळेचं रूपच वेगळं. नैऋत्येच्या वाऱ्याने माथ्याशी बर्फाचे थर साठतात आणि सुटतात. २४ जानेवारी २००९ रोजी इथेच हिमप्रपातात तिघांचा मृत्यू झाला. डिसेंबर ते एप्रिल स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिसचा ग्लेन कोचा अंदाज, क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी खिळे), कुऱ्हाड आणि ती वापरायचं शिक्षण यांशिवाय इकडे फिरकू नये. उन्हाळ्यात वाट ओळखीची झाली म्हणून जानेवारीत ती ओळख देत नाही.

साडेदहाला खिंडीत पोचलो, उंची सुमारे ८७० मीटर. ठरवल्याप्रमाणे ढगात. समोर वीसेक मीटर दिसत होतं. वारा अचानक अंगावर येतो. म्हणून खिंडीच्या शेवटच्या वळणाआधी, आडोशात असतानाच जॅकेट, कानटोपी, हातमोजे चढवायचे. वर पोचल्यावर चेन लावायचा प्रयत्न करणारे दोन मिनिटांत गारठतात.

इथला पहिला निर्णय: साडेअकराच्या आत खिंड गाठली नाही, किंवा वाऱ्यात उभं राहायला काठी टेकावी लागत असेल, तर फक्त स्टॉब जेरग करून आल्या वाटेने परत. आम्ही तासभर लवकर होतो.

खिंडीत दोन कामं केली. एक, मागे वळून नाळेचं तोंड कसं दिसतं ते नीट पाहून ठेवलं. तिथे दगडांची एक रास आहे, पण राशी धारेवर इतरत्रही आहेत, त्यांच्यावर विसंबायचं नाही. दुसरं, होकायंत्र लावलं. पद्धत तीन हालचालींची. होकायंत्राची लांब कड नकाशावर आपल्या जागेपासून शिखरापर्यंत ठेवायची, बाणाचं तोंड जायच्या दिशेला. मग तबकडी फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर करायच्या, तबकडीचा उत्तर बाण नकाशाच्या उत्तरेकडे. मग नकाशा बाजूला ठेवून, होकायंत्र छातीशी धरून, लाल सुई लाल घरात येईपर्यंत आपण स्वतः फिरायचं. जिकडे तोंड झालं ती दिशा. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत सध्या इथे फरक इतका थोडा आहे की चालण्याच्या कामात तो धरला नाही तरी चालतं. नेहमीची चूक म्हणजे सुईचं पांढरं टोक घरात आणणं. मग माणूस पूर्ण आत्मविश्वासाने बरोबर उलट्या दिशेला निघतो. दुसरी चूक कमी ठाऊक आहे: छातीच्या खिशातला फोन, पाण्याच्या नळीचं चुंबकी बटण, हातमोज्यातला लोहचुंबक. यांच्याजवळ होकायंत्र धरलं तर सुई भरकटते, आणि बराच काळ एकत्र ठेवलं तर कायमची उलटू शकते.

खिंडीतून डावीकडे, पूर्वेला दगडगोट्यांचा चढ. वाट दिसते, हरवते, पुन्हा दिसते. अर्ध्या तासात स्टॉब जेरगचा माथा. नावाचा अर्थ तांबडं टोक, आणि दगडही तसाच. माथा लहान आहे आणि त्याच्यापुढे पूर्वेला जमीन संपते. धुक्यात दगडांची रास दिसली की तिथेच थांबायचं, 'जरा पुढून बघू' नाही. आम्ही पंधरा मिनिटं राशीच्या आडोशाला बसलो. मधेच ढग फाटला आणि खाली रॅनक मूरची हजार डबकी चमकली. तेवढंच.

या डोंगरावरची सगळ्यांत मोठी चूक याच्यानंतर होते. माथ्यावरून परतताना लोक होकायंत्र न लावता निघतात, कारण 'आत्ताच तर आलो'. उतार रुंद आहे आणि पाय आपोआप जास्त उताराकडे, म्हणजे उत्तरेच्या कड्यांकडे ओढतात. माथ्यावरच दिशा पुन्हा काढायची आणि पावलं मोजायची. सपाटीला आमच्यातल्या मोजणाऱ्याची १०० मीटरला ६४ दुहेरी पावलं पडतात, अशा दगडांत ८० च्या आसपास. एकाने मोजायचं, दुसऱ्याने होकायंत्र धरायचं, तिसऱ्याने दहा मीटर पुढे राहून दिशेवरचा दगड गाठायचा. चौथा गप्पा मारू शकतो.

अकरा चाळीसला खिंडीत परत. इथून पुढे धार नैऋत्येला वळते आणि दिवसाचा आरामाचा भाग सुरू होतो, गवत आणि सपाट दगड. ढगही वर सरकत होता. मधल्या उंचवट्यानंतर धार थोडी उतरून स्टॉब ना डोइरेच्या खड्या अंगावर चढते. बारा चाळीसला तिथे. हे शिखर १०११ मीटर, या धारेवर दुसऱ्या क्रमांकाचं, आणि तरी 'मनरो' नाही. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या, म्हणजे ९१४.४ मीटरहून उंच स्वतंत्र डोंगरांना मनरो म्हणतात. सर ह्यू मनरो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली. आज त्यात २८२ नावं आहेत. 'स्वतंत्र' म्हणजे नेमकं काय, याची ठाम व्याख्या त्यांनी दिलीच नाही. १९९७ च्या फेररचनेत या धारेवरच्या टोकाच्या स्टॉब ना ब्रोगेला बढती मिळाली, आणि त्याच्याहून पन्नासेक मीटर उंच डोइरे 'टॉप', म्हणजे नुसतं उपशिखर, म्हणून मागेच राहिलं. याद्या भरणाऱ्या मंडळींची त्यामुळे सोय झाली, एका दिवसात दोन खुणा. डोइरेची देखणी, टोकदार बाजू पाहिली की मात्र हा निवाडा पटत नाही.

डोइरेवरून नैऋत्येचा उतार तीव्र आहे, बारीक खडी आणि माती. गुडघ्यांसाठी काठ्या इथे काढाव्यात, नेहमीपेक्षा बोटभर लांब करून. सुमारे ८०० मीटरच्या खिंडीत दीड वाजला. उजवीकडे, उत्तरेला कॉरी आल्ट्रमचा उतार दिसतो. हाच दुसरा आणि शेवटचा बाहेर पडायचा रस्ता. पुढची दोन शिखरं करून पुन्हा याच खिंडीत यायचं असतं.

दुसरा निर्णय म्हणूनच इथे. आमची सीमा होती तीन वाजता. अंदाजातल्या सरी चारनंतरच्या होत्या. पावसाची खरी अडचण धारेवर नाही, खाली नदीशी आहे. शिवाय एकाच्या टाचेला चटका लागला होता. फोड यायच्या आधी, लाल होतानाच पट्टी लावायची. त्यासाठी थांबायला लाजणारा माणूस दोन तासांनी सगळ्यांना थांबवतो. पाच मिनिटांत बूट काढून, टाच कोरडी करून, पट्टी लावून निघालो.

आल्ट्रम दोनला, स्टॉब ना ब्रोगे दोन पंचवीसला. ब्रोगे म्हणजे जोडा, जोड्याचं टोक. पायाखाली लॉक एटिव्ह हा समुद्राचा लांब फाटा नैऋत्येला पसरलेला दिसतो. ढग तोवर माथ्यांच्या वर गेला होता. दोन चाळीसला निघून तीन पंचवीसला पुन्हा खिंड.

कॉरी आल्ट्रमचा उतार हा दिवसाचा कंटाळवाणा आणि म्हणून धोक्याचा भाग. वाट ओढ्याच्या बाजूने उतरते, मध्ये ओल्या कातळाच्या पायऱ्या आहेत. दमलेले पाय इथे घसरतात. कातळाकडे पाठ करून उतरायला अवघड वाटलं की सरळ तोंड कातळाकडे करून, हात लावून उतरावं, त्यात कमीपणा नाही. घोटा मुरगळणं हाच इथला नेहमीचा अपघात. तसं झालं तर ९९९ ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या आपल्या जागेचे आकडे), किती जण, काय लागलं, किती कपडे-निवारा आहे, एवढं एका दमात सांगायचं. रेंज तुटक असेल तर ९९९ ला एसएमएस जातो, पण त्यासाठी आपला नंबर आधी नोंदवावा लागतो: 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ ला पाठवायचा, दोन मिनिटांचं काम, घरून करून यायचं. रेंजच नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. माणसं यायला काही तास लागू शकतात, आणि तेवढा वेळ काढायलाच ते बॉथी बॅग असतं. चौघं आत बसले की पाच मिनिटांत आत ऊब जाणवते.

चार पंचवीसला खोऱ्याच्या तळाशी. इथे कूपल नदीला पूल नाही. त्या दिवशी पाणी घोट्याच्या वर, दगडांवरून कोरडे पार झालो. आदल्या दिवशी मुसळधार झाला असता तर हाच ओलांडा दिवसाचा सगळ्यांत मोठा धोका झाला असता. डोंगर उघडेबोडके, माती पातळ, पाऊस पडला की तासा-दोन तासांत नदी फुगते आणि तितक्याच लवकर ओसरते. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर दगडांवरून उड्या मारायच्या नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला चालत जायचं. जितकं वर जावं तितकी ती बारीक होते, खोऱ्याच्या माथ्याशी नुसता ओहोळ उरतो. फेरा पडतो, पण अंगावरचे कपडे कोरडे राहतात.

लारिग गार्टनची परतीची वाट नकाशावर चार बोटांची दिसते, पायाला जास्त लागते. काळं, स्पंजासारखं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, मधे मधे डबकी. हिरवंगार, चकचकीत शेवाळ दिसलं की तिथे पाय नाही. तपकिरी गवताचे झुबके धरून चालायचं. गेटर्सनी इथे त्यांची किंमत वसूल केली. सरी चार चाळीसला आल्या, अंदाजाला धरून.

पाच वीसला हमरस्ता. वाट आल्टनाफेच्या पश्चिमेला बाहेर पडते, उरलेलं सुमारे एक किलोमीटर रस्त्याकडेने चालावं लागतं. गाड्या ताशी ६० मैलांनी जातात. एकामागोमाग एक, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, भडक रंगाचं सॅक-कव्हर चढवून. पाच पस्तीसला गाडी.

गाडीत बसण्याआधी दोन गोष्टी. पहिली गोचिडी. मुख्यतः मार्च ते ऑक्टोबरमध्ये गवत-झुडपांतून चिकटतात आणि लाइम रोग देऊ शकतात. गुडघ्यामागे, कमरेला, जांघेत पाहायचं. सापडली तर पिनेसारख्या खास हुकने, कातडीलगत धरून, हळूहळू ओढायची. नखांनी चिरडायची नाही, तेल-काडी लावायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरणारं लाल वर्तुळ दिसलं की डॉक्टर. दुसरी मिजेस. वारा पडला आणि ओलसर संध्याकाळ झाली की ढगाने उठतात. चालत्या माणसाला पकडता येत नाही, उभ्याला सोडत नाहीत. त्या दिवशी वाऱ्याने वाचवलं, तरी कोरडे मोजे गाडीच्या आत बसूनच बदलले.

रेंज आल्टनाफेला एक काडी येते. निरोप गेला सहा वाजून दोन मिनिटांनी: 'चौघंही खाली, गाडीत.'